साधनानं वाचलेला शेवट

कामरगावात कोणालाही विचारा, साधना गरीब बाई आहे म्हणून सांगतील. गरीब म्हणजे स्वभावानं. सासूला कधी उलट उत्तर नाही, नवऱ्यावर आवाज नाही. माझं घर तिच्या घराला लागून. मध्ये कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपाशी माझी शिलाई मशीन. तिच्या घरातलं भांडं पडलं तरी मला कळतं. म्हणून सांगते, गरीब म्हणे! डोंबलाची गरीब.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त होती. सगळ्या जुन्या, जाडजूड कादंबऱ्या, तिच्या वडिलांनी रद्दीवाल्याकडून वेचून आणलेल्या. सासू प्रयागबाई म्हणजे अख्ख्या आळीत आवाजाची बाई. तिचा मुलगा, म्हणजे साधनाचा नवरा, गोलू. आज पंचेचाळिशी उलटली तरी गोलूच, आईनं बस म्हटलं की बसणारा. माहेराहून बाळ घेऊन आली तरी साधनाचं वाचणं सुटेना, मांडीवर पोर आणि हातात पुस्तक. एक दिवस प्रयागबाईनं पेटी न्हाणीच्या चुलीपाशी ओढत नेली आणि नातवाच्या अंघोळीचं पाणी त्या कादंबऱ्यांवर तापवलं.

"लाकडं वल्ले हायेत," एवढंच म्हणाली.

साधना बघत उभी होती. बाळाला त्याच पाण्यानं अंघोळ घातली, अंग पुसलं, तीट लावली. मला वाटलं, सुटला बाईचा नाद. त्यातली एकच कादंबरी आगीतून वाचली, कारण ती मी मागून आणली होती. मला कसलं वाचता येतं, दुसऱ्या पानावर डोळा लागायचा. परत दिली तर तिनं ती गव्हाच्या कोठीमागे सारली. नंतर पुढची वीस-बावीस वर्षं ती तेच एक पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात प्रयागबाई न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. डोळ्यांत आधीच पडदा आलेला, त्यामुळे टीव्हीसुद्धा दिसेना. खाटेवर पडून सगळ्यांना शिव्या घालायची, मग शिव्यांचाही कंटाळा आला. एका दुपारी साधना तिच्या पायथ्याशी बसून वाचत होती.

"काय वाचून राह्यली वं? मोठ्यानं वाच."

साधनानं वर पाहिलं. मग पहिल्या पानापासून सुरू केलं.

कादंबरी अशी. नदीकाठी एक गाव. तिथल्या एका आईनं आपल्या लेकीला घरातून हाकललं आणि पुढे पुस्तकभर ती तिची वाट बघत बसली. झालं, एवढीच गोष्ट. पण साधना वाचायची असं की माझी मशीन थांबायची. ब्लाउजं राहिली, गिऱ्हाइकं ओरडली, मी आपली भिंतीवर हनुवटी टेकून. प्रयागबाईला धीर नव्हता.

"थे नदीगिदी सोड. पोरीचं वाच."

"नदी सोडली तं पोरीले अडवन कोन, आत्याबाई? जुन्या कादंबरीले घाई चालत नाही. अथी मानसाले मराले बी वेळ भेटते."

तिचं असं बोलणं ऐकून मी थक्क व्हायची. उभ्या जन्मात नवऱ्याशी इतकं बोलली नसेल. एकदा म्हणाली, "पाहा काकू, थे आई रडली असं लेखकानं कुठंच लिहिलं नाही. वरनात दोनदा मीठ पडलं, एवढंच लिहिलं. बाकीचं रडनं आपल्यावर सोडलं." खाटेवरून आवाज आला, "पुढं वाच." आवाज ओला होता. माय वं, प्रयागबाईचा!

त्याचं कारण उज्ज्वला. प्रयागबाईची एकुलती एक लेक. बौद्ध घरातल्या रवीशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, रवी एसटीत कंडक्टर, दोघं धनजला राहतात. धनज म्हणजे काय लंकेत आहे? पण पहिलं मूल घेऊन दारात आली, तेव्हा प्रयागबाईनं आडवा हात लावून सगळ्या आळीसमोर शपथ घातली, "मी बलावल्याबिगर हा उंबरठा चढशील तं माह्यं मेलेलं तोंड पाह्यशील!" पोरगी तिथूनच वळली. अशी शपथ मोडून कोणती लेक आत येईल? आई मोडून पडल्याचं कळल्यावर तिनं रोज माझ्याकडे फोन करून विचारायचं, "बलावलं का हो, काकू?" आणि मी रोज नाही म्हणायचं.

पुस्तकाची थोडीच पानं उरली. आई आजारानं खंगली, लेक बैलगाडीनं निघाली, मध्ये नदीला पूर. त्या दुपारी साधना तिथं थांबली, आणि प्रयागबाईनं गोलूला हाक मारली. मी भिंतीपाशीच होते.

"गोलू, आयक. उद्या हे पुस्तक सरते. थे पोरगी मायपाशी आली, तं तू उज्जीले फोन लाव. मी बोलतो."

"अन् नाही आली तं?" गोलूनं विचारलं.

"नाही आली तं मंग समजीन, मायलेकीचं तुटलं का तुटलंच असते."

इतकी वर्षं ताठ राहिलेली बाई, सरळ 'बोलवा' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून पुस्तकावर टाकलं. मी तर देवाला हात जोडले. साधनानं पुस्तक मिटलं आणि पदरानं त्यावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी गोलू शेतावर गेला नाही, मोबाइल हातात धरून आईच्या उशाशी बसला. साधनानं वाचलं. पुराचं वाचलं, गाडीवानाचं वाचलं, बैल पाण्यापाशी अडले ते वाचलं. शांतपणे पानं उलटत होती. लेक पलीकडच्या काठावर सांजवेळपर्यंत उभी राहिली, मग तिनं गाडी माघारी वळवली. आणि अलीकडे, आईच्या घरात, त्या दिवशी वरणात मीठ बरोबर पडलं. "समाप्त," साधना म्हणाली.

काय लिहिलंय मेल्यानं, वाटलं.

प्रयागबाईनं तोंड भिंतीकडे केलं. गोलूनं मोबाइल खिशात ठेवला. त्यानं एकदा तरी आपल्या मनानं नंबर दाबायचा! पण तो गोलू. त्यानंतर म्हातारीनं अन्न सोडलं. साधना चमच्यानं पेज भरवायला जायची, ती दात घट्ट मिटायची. आठवड्याच्या आत गेली.

उज्ज्वला आली ती शपथ खरी करायला. आईचं मेलेलं तोंड दोन्ही हातांत धरून असं रडली की बाहेर बसलेले पुरुषही उठून गेले. गोलूनं तिला सगळं सांगितलं, पुस्तकाचं आणि आईच्या शब्दाचं. तेरवीला ती साधनाला म्हणाली, "वहिनी, माईनं आयकलेलं थे पुस्तक मले दे. मले तिचं दुसरं काई नको." साधनानं काढून दिलं. वर म्हणाली, "सावकाश वाचजो. घाई करू नको."

परवा साधना भिंतीवर मूगवड्या घालत होती, मी मशीनवर होते. फोन वाजला. हातात कापड म्हणून मी स्पीकरवर टाकला. उज्ज्वला होती.

"काकू, झालं माह्यं वाचून. पन याच्यात तं थे पोरगी येते नं हो! गाडी सोडून, डोंग्यात बसून नदी पार करून येते. माय तिचा हात धरते. मंग माईनं मले काहून नाही बलावलं?"

"येते?" मी म्हटलं. "अवं, मी आयकलं नं या कानानं! गाडी माघारी..."

मी साधनाकडे पाहिलं. पूर, गाडीवान, ते मीठ! इतक्या वर्षांत त्या लेखकाची भाषा तिच्या तोंडात इतकी बसली होती की तिनं मारलेली जोड कुठे आहे, ते मला कळलंही नव्हतं. तिचा हात थांबला नव्हता, एकेक वडी सारख्या आकाराची पडत होती.

"सटवे," मी म्हटलं. "थे बुढी तं गेली, पन या पोरीनं तुह्यं काय जाळलं होतं वं? घे, तूच सांग तिले." मी फोन तिच्यापुढे धरला.

साधनानं पिठाचा हात पदराला पुसला.

"मी वाचला होता शेवट, उज्जी," ती म्हणाली, अगदी दुपारी वाचायची त्याच आवाजात. "आत्याबाईले आवडला नाही."