पाताळातलं डाळिंब

याकोब सर गेल्याची बातमी मला मिरजगावच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरने सांगितली. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बाई, तुमचे भुताचे मास्तर गेले की. कावीळ पोटात गेल्ती म्हनं." मी सुट्टीत माहेरी गेले होते, तिथून परतत होते. पुढचा प्रवास कसा झाला मला आठवत नाही... एवढंच आठवतं, की मला त्या कंडक्टरचा भयंकर राग आला होता. माणूस जन्मभर इंग्रजी शिकवतो, गावातली निम्मी पोरं मार्गाला लावतो, आणि मेल्यावर उरतो काय, तर भुताचा मास्तर! सरांनी हे ऐकलं असतं तर मात्र ते खूश झाले असते. मी गावात पोचले तेव्हा त्यांची माती होऊन गेली होती.

आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी भूगोल. तरुणपणी चर्चचा पाळक व्हायचं म्हणून घरच्यांनी त्यांना शिकायला पाठवलं होतं. नवा करार मुळातून वाचता यावा म्हणून तिथे ते ग्रीक शिकले, आणि पाळक न होताच परत आले. "देवाचं पुस्तक वाचायला गेलो आणि भलत्याच देवांच्या नादी लागलो," असं स्वतःच सांगायचे. पुण्याचा एक प्रकाशक त्यांच्याकडून भुताखेतांच्या, साहसाच्या कादंबऱ्या लिहून घ्यायचा. वाचनालयांतून त्या पानं सुटेपर्यंत फिरायच्या. मला असल्या पुस्तकांचा तिटकारा. ते मी तोंडावर सांगायची, "सर, एवढं ग्रीक शिकून शेवटी हडळीच का?" त्यावर ते चहाची बशी खाली ठेवून गंभीरपणे म्हणायचे, "बाई, तुमच्या भूगोलापेक्षा माझ्या हडळी जास्त गावं फिरल्यात."

दुष्काळ पडला त्या वर्षी त्यांनी एक मोठी कादंबरी हाती घेतली. ग्रीकांची एक जुनी कथा आहे. शेतीच्या देवीची मुलगी पाताळाचा राजा पळवून नेतो, आई शोक करत हिंडते, आणि तोवर पृथ्वीवर गवताचं पातंही उगवत नाही. "खिडकीतून बाहेर बघा, बाई. वेगळं काय दिसतंय?" असं म्हणत सरांनी ती कथा उचलून थेट कर्जत तालुक्यात आणली. पाताळाचं दार एका कोरड्या बारवेत. मुलीला सोडवायला उतरतो तो सुट्टीवर आलेला फौजी, हातात बॅटरी घेऊन. मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी म्हणजे गुळाच्या काहिलीत माणसं बसवून भीमा ओलांडून देणारा कोळी. मी नाक मुरडत ऐकायची, पण पुढचं प्रकरण कधी, हेही विचारायची. साऱ्या कथेची गाठ होती ती डाळिंबात. मुलगी पाताळात डाळिंबाचे चार दाणे खाते, आणि तिथलं अन्न एकदा पोटात गेलं की माणूस तिथलाच होतो. म्हणून ती पुरती कधीच परत येत नाही. प्रकाशकाचा हट्ट होता की दाणे काढा, मुलगी वर आणा आणि फौजीशी लग्न लावून द्या. सर हेडमास्तरांपुढे नमायचे, इन्स्पेक्टरपुढे नमायचे, चर्चच्या पंचांपुढे तर फारच नमायचे. इथे मात्र ते अडून बसले. "दाणे काढले तर राहिलं काय? एक फौजी आणि एक बॅटरी!"

गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. सरांच्या पत्नी मार्थाबाई तिथे पोरांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक भरड, वाटायच्या. सकाळची शाळा सुटली की सर त्यांचा डबा घेऊन तिकडे जायचे आणि दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली बसलेल्या बायकांना लिहिलेली पानं वाचून दाखवायचे. मीही जायची. त्या बायकांत हिराबाई होती. गाव सोडून कामावर आल्यावर महिन्याच्या आतच तिची थोरली पोर हगवणीने गेली होती. धाकटी सखू तेवढी राहिली होती. सरांनी डाळिंबाचं प्रकरण वाचून संपवलं. हिराबाईने विचारलं, "मास्तर, तिथलं खाल्लं म्हनून ऱ्हायली व्हय ती?" गोष्टीचं मर्म कुणाला तरी नेमकं कळलं म्हणून सरांचा चेहरा खुलला. "हो, म्हणूनच!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सखू सुकडीच्या रांगेत दिसेना. मार्थाबाई विचारायला गेल्या तर हिराबाईने पोरीला पदराआड ओढलं. "हितलं खाऊन थोरली हितंच ऱ्हायली. हिला मला घरी न्यायचीय. हितलं न्हाई चारायची." घरून आणलेलं मूठभर पीठ केव्हाच संपलं होतं. मार्थाबाईंनी समजावलं, मुकादमाने दटावलं, मी सुकडीत काय काय सत्त्व असतं यावर व्याख्यान दिलं. हिराबाई खडी फोडत राहिली. सखू बाजूला बसून असायची. तोंडावर बसलेल्या माश्याही ती हाकलत नव्हती... दुष्काळात मी पुष्कळ बघितलं, पण आजही घास हातात घेतला की मला तेच आधी दिसतं.

सरांच्या कानावर हे गेलं. मग एका दुपारी कामावर आले आणि म्हणाले, "मागच्या वेळी माझं थोडं वाचायचं राहून गेलं होतं." मुलगी डाळिंब खाते, नुसतं डाळिंब नाही, भाकरी खाते, कालवण खाते, पाताळाच्या राजाने वाढलेलं सगळं ताट पुसून खाते. राजा हसतो, म्हणतो, आता तू माझी. ती म्हणते, पोटात काही नव्हतं म्हणून मला चालवत नव्हतं, आता चालवतं. आणि बारवेच्या पायऱ्या चढून ती आईकडे येते. सर खाली मान घालून वाचत होते. मी शेजारीच होते. त्यांच्या हातातल्या कागदावर जुनंच प्रकरण होतं, ते वाचत होते त्यातलं एक अक्षरही त्यावर नव्हतं. हिराबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली, सखूला कडेवर घेतलं आणि मार्थाबाईंच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सखू जगली. मी सरांना म्हटलं, आता छापताना जुनं प्रकरण घाला, हिराबाई कुठे वाचायला येतेय! तर म्हणाले, "त्या बाईला एक आणि पुण्याला एक, असं नाही जमायचं." कादंबरी हिराबाईला ऐकवली तशीच छापून आली. प्रकाशक खूश झाला. नगरच्या एका वाचनालयात मात्र एका विद्वान गृहस्थांनी सगळ्यांसमोर सुनावलं, की मूळ कथा माहीत नसेल तर माणसाने ग्रीकांच्या वाटेला जाऊ नये. सर ओशाळं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बोलला का नाहीत?" "काय बोलू? बरोबरच आहे त्यांचं. मोडली मी ती गोष्ट." एका पोरीच्या जिवाच्या बदल्यात एक गोष्ट म्हणजे सौदा स्वस्तातच पडला, असं मी रागाने म्हणाले. "स्वस्तातच, बाई. मी कुठे नाही म्हणतो? पण मोडलीच ना..." त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. लोक म्हणतात काविळीने गेले. मला विचाराल तर सर त्याआधीच विझत चालले होते, आणि मला ते थांबवता आलं नाही याचं वाईट वाटतं.

परवा मी आणि मार्थाबाई कबरस्तानात गेलो होतो. माती अजून बसलेली नव्हती. थोड्या वेळाने हिराबाई आली, सखूला बरोबर घेऊन, आपल्या गावाहून उन्हातून चालत. खाली बसली आणि मला म्हणाली, "मास्तर त्या दिशी खोटं वाचत हुते. मला तवाच कळलं हुतं. येरवी आमच्याकडं बगून वाचायचे, त्या दिशी मान वर केली न्हाई."

"मग सखूला सुकडी का चारलीस?" मी विचारलं.

"येवढा मानूस माज्या पोरीसाटी खोटं बोलाया लागला... मग मी कशी न्हाई म्हनू?"

तिने कमरेचं फडकं सोडलं. आत ज्वारीची भाकरी होती. ती तिने मातीवर, जिथे सरांचं डोकं असेल तिथे ठेवली आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "मास्तर, ही घरची हाय. तिथलं काय बी खाऊ नका."

सरांना वाटत होतं गोष्ट मोडली. या बाईने ती जशीच्या तशी जपली होती, आणि हे त्यांना सांगायची सोय आता उरली नव्हती. मी घाबरत मार्थाबाईंकडे बघितलं. कबरीवर नैवेद्य ठेवणं त्यांच्यात चालत नाही, आणि मार्थाबाई या बाबतीत कडक. कुणाची तरी शेळी भाकरीच्या वासाने जवळ आली, तेव्हा दगड उचलून तिला हाकललं ते मार्थाबाईंनीच.