शेपूचा वास

पंपाच्या कारखान्यात त्यांना सगळे रिजेक्टसाहेब म्हणत. तोंडावर साहेब आणि पाठीमागे नुसतंच रिजेक्ट. तयार माल तपासणं हे त्यांचं काम होतं. पंपाचा भाग हातात घ्यायचा, माप लावायचं, उजेडाकडे धरून फिरवायचा आणि केसाएवढी खोट सापडली तरी लाल खडूनं फुली मारायची. एकतीस वर्षांत आपल्या नजरेतून एकही वाईट तुकडा सुटला नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अडचण एवढीच, की ती नजर कारखान्याच्या फाटकावर जमा करून येता येत नसे. ती त्यांच्याबरोबर घरी यायची, हातपाय धुवायची आणि जेवायला बसायची.

"मीठ किंचित पुढे गेलंय."

"काप सारखे नाहीत आज. घाई झाली का?"

आरडाओरडा नाही, ताट भिरकावणं नाही. कागदावर नोंद करावी तसं शांतपणे सांगायचे. बायको म्हणायची, "बरं, उद्या बघते." लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं ती उद्या बघत होती. आपण काही वाईट वागतो असं साहेबांच्या मनातही आलं नव्हतं. चूक दाखवली नाही तर माणूस सुधारणार कसा, हा त्यांचा साधा हिशेब.

बायको घराजवळच्या गल्लीत फिटिंगचं दुकान चालवायची. पॅन्ट कमी करायची, चेन बदलायची, शाळेचे गणवेश उसवून मोठे करून द्यायची. दुकानात तिच्या जोडीला आणखी एक बाई होती, अंगानं बारीक आणि एका जागी न ठरणारी, म्हणून बायकोनं मशिनमधल्या फिरत्या रिळावरून तिचं नाव बॉबिन ठेवलं होतं. दोघींची मशिनं समोरासमोर होती. दुपारचं जेवण दुकानातच व्हायचं, कापडाचे तुकडे बाजूला सारून.

साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी बायकोच्या छातीत दुखलं. चार दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, लोणी बंद केलं आणि कच्च्या भाज्या भरपूर खायला सांगितल्या. साहेबांनी कोबी, काकडी आणि कसली कसली पानं चिरून पुढे ठेवली. ती बघत राहिली.

"मी काय शेळी आहे का?"

साहेबांना त्यातून काम सुचलं. रिकामा बसलेला माणूस. त्यांना तेच हवं होतं. सॅलडवर घालायची ड्रेसिंगं बाजारात बाटल्यांतून मिळतात म्हणून ते दुकानात गेले, प्रत्येक बाटलीची चिठ्ठी चष्मा लावून वाचली आणि सगळ्या परत ठेवल्या. मीठ, साखर आणि तेल, दुसरं आहे काय त्यात? मग त्यांनी पेपरातलं एक कात्रण शोधलं, 'घरच्या घरी जाडसर हिरवं ड्रेसिंग', आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाय रोवून उभे राहिले.

पहिला घाणा पाण्यासारखा पातळ झाला, कारण धुतलेली कोथिंबीर ओलीच चिरली होती. दुसऱ्या वेळी सगळं एकदम मिक्सरला लावलं. रंग हवालदाराच्या गणवेशासारखा झाला आणि चव कडू. साहेबांनी दोन्ही स्वतःच नापास केले. तिसऱ्यापासून ते कामाला लागले. दही फडक्यात बांधून सकाळपर्यंत नळाला टांगायचं. कोथिंबीर, पुदिना आणि शेपू निवडून, धुऊन, पंचावर पसरून खडखडीत कोरडं करायचं. सुरी धारदार हवी, नाहीतर पानं चिरण्याऐवजी चेंगरतात आणि काळी पडतात. लसणाची एक पाकळी चिमटीभर मिठाबरोबर बत्त्यानं लगदा होईपर्यंत ठेचायची. घट्ट दह्यात थोडं दूध घालून ते सारखं करायचं, मग लिंबू, मिरपूड, आणि हिरवा चुरा अगदी शेवटी. तासभर मुरू द्यायचं. चमच्याच्या पाठीला लावून बोटानं रेघ ओढायची. रेघ बुजली नाही तर पास.

शेपू ही त्यांची स्वतःची भर होती. कात्रणात तो 'आवडीनुसार' असा लिहिला होता. साहेबांना आवडला.

रोज सकाळी ते डबा भरायचे. सॅलड वेगळं, ड्रेसिंगची छोटी बाटली वेगळी, बाटलीवर तारखेची पट्टी. संध्याकाळी बायको डबा परत आणायची. बाटली आतून पुसल्यासारखी स्वच्छ असायची.

"कसं झालं होतं?"

"छान झालं होतं."

"शेपू जास्त नाही ना?"

"नाही हो. बरोबर होता."

हे अडीच वर्षं चाललं. साहेबांनी वहीत तिचं वजन लिहून ठेवलं होतं. ते फारसं उतरत नव्हतं, पण वाढतही नव्हतं, आणि साहेब त्याचं श्रेय घेत. नातेवाइकांत सांगत, "माझ्या हातचं खाऊन टिकलीय." बायको शेजारी बसून हसायची.

मग एका सकाळी दुकानात निघताना चपला घालता घालता ती दारातच खाली बसली. डबा साहेबांच्या हातात होता. दवाखाना गाठायच्या आधीच सगळं संपलं.

महिन्याभरानं बॉबिन घरी आली. बायकोची कात्री, मापाची टेप आणि दुकानात राहिलेला चष्मा तिनं पिशवीत घालून आणला होता. साहेबांनी पाणी दिलं.  मग बॉबिन संकोचून म्हणाली, "भाऊजी, एक मागायचं होतं. रागावणार नसाल तर."

"बोला ना."

"ते हिरवं-पांढरं तुम्ही करायचात ना, ते मला शिकवाल? इतकी सवय लागली होती हो. आता नुसती काकडी घशाखाली उतरत नाही."

साहेबांना वाटलं, बायको तिला थोडं वाटून देत असेल. तिचा स्वभावच तसा होता.

"तुम्हालाही देत होती तर ती."

"देत होती म्हणजे काय, सगळं मीच..." एवढं बोलून बॉबिन थांबली. तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं होतं."

"काय ठाऊक असेल?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. बॉबिननं मांडीवरची पिशवी घट्ट धरली आणि सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून डब्यांची अदलाबदल होत होती. साहेबांचं सॅलड बॉबिन खायची आणि बॉबिनचा डबा बायको. त्यात लोणी लावलेला पाव असायचा, कधी अंडं, बहुतेक दिवशी बटाट्याचे तळलेले काप.

 साहेबांनी विचारलं, "तिनं चाखलं तरी होतं का?"

"एकदा. पहिल्याच दिवशी. शेपूचा वास तिला लहानपणापासून सहन होत नव्हता. तोंडात घातलं आणि उठून मोरीत थुंकून आली."

"मग मला सांगायचं नाही का? शेपू काढला असता मी."

"मीही तेच म्हटलं तिला." बॉबिननं आवाज खाली आणला. "ती म्हणाली, त्यांनी इतकं मन लावून केलंय. आपण केलेल्याला कोणी रोज नावं ठेवली की कसं वाटतं ते मला माहीत आहे, त्यांना कशाला ते दाखवू?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं एकदाही शेपू शिजवला नव्हता, हे साहेबांच्या त्या क्षणी लक्षात आलं. केसाएवढी खोट पकडणारा माणूस, आणि ताटात कधीच न आलेली भाजी त्याला दिसली नव्हती.

माणूस अशा वेळी शहाणपणानं बोलत नाही. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तळलेलं घालून घालून तुम्ही तिला मारलंत."

 बॉबिननं पाण्याचा पेला उचलून ओट्यावर ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. दोन तास रांगेत बसले. डॉक्टरांनी बटाट्याच्या कापांना दोष द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. डॉक्टरांनी वही चाळली, जुने कागद पाहिले आणि सौम्यपणे म्हणाले, "त्यांचं हृदय पहिल्याच झटक्यात फार कमजोर झालं होतं. खरं सांगू का, त्यांनी काय खाल्लं यानं फारसा फरक पडला नसता. आनंदात राहिल्या ना? तेच महत्त्वाचं."

आनंदात राहिली ना, हे साहेबांना सांगता आलं नाही. ते दुकानात काय व्हायचं त्यावर अवलंबून होतं, आणि दुकानात ते कधी बसले नव्हते. वही घेऊन ते बाहेर आले.

रात्रीपर्यंत कळ काढणं त्यांना जमलं नाही. रस्त्यातूनच परगावी राहणाऱ्या आपल्या मुलीला फोन लावला आणि झालं तेवढं सांगितलं. 

"मला ठाऊक होतं, बाबा."

"तुलाही?"

"आई फोनवर सांगायची. हसायची. म्हणायची, दुपारची सुट्टी म्हणजे माझी खरी सुट्टी."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार, बाबा?" ती भांडत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

आठ दिवस साहेब घरातून फारसे बाहेर पडले नाहीत. मग एकदा सकाळीच दुकानात गेले. बायकोच्या मशिनवर जुनी चादर टाकलेली होती. साहेब दारातच उभे राहून म्हणाले, "मी बोललो ते चुकलं. रविवारी या. शिकवतो."

बॉबिननं सुईत दोरा ओवला. "शेपूसकट?"

"तुम्ही म्हणाल तसं."

रविवारी ती आली. साहेबांनी दही आदल्या दिवशीच टांगून ठेवलं होतं, पानं पंचावर सुकत घातली होती, सुरीला धार लावली होती. पहिली दहा मिनिटं चांगली गेली. बॉबिननं लसूण ठेचला, दही घोटलं. मग ती कोथिंबीर चिरायला बसली. हात सराईत होता, पण घाईचा.

"जरा बारीक," साहेब म्हणाले.

तिनं बारीक केलं.

"सुरी अशी दाबू नका. पान चेंगरतंय."

ती थांबली, मग पुन्हा चिरू लागली.

"सारखं नाही होत आहे. हे बघा, हा तुकडा केवढा आणि हा केवढा. घाई आहे का तुम्हाला?"

बॉबिननं सुरी पाटावर ठेवली. हात पुसले. रागावलेली दिसत नव्हती; दमलेली दिसत होती, जणू अडीच वर्षं दुपारी ऐकलेलं सगळं आज तिला प्रत्यक्ष ऐकायला मिळालं होतं.

"भाऊजी, मी तुमची बायको नाही," ती म्हणाली. चप्पल घालून जिना उतरून गेली. साहेबांनी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

पुढे मुलीकडून कळलं, तिचं बॉबिनशी अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं, बॉबिन सगळं एकदम मिक्सरला लावते. रंग जरा मळकट येतो, पण खाता येतं म्हणे. तिनं साहेबांना पुन्हा विचारलं नाही आणि साहेबही त्या गल्लीतून जाईनासे झाले. दूध आणायला ते लांबच्या रस्त्यानं जातात.

त्या रविवारी उरलेली कोथिंबीर त्यांनी उभ्या उभ्या चिरून संपवली. एकसारखी, बारीक, एकही पान न चेंगरता. दह्यात घातली, मुरू दिली. मग टेबलाशी बसून एकट्यानं चमचा तोंडात घातला आणि खोट शोधू लागले. खूप वेळ शोधली. एकही सापडली नाही.