दीड फूट काळी माती

आमच्या घरातल्या कुदळ-फावड्याच्या खोलीची किल्ली माझ्या बायकोच्या, कुसुमच्या, कमरेला असते, आणि ती मला मिळत नाही.

याचं मूळ उमरेडच्या माझ्या सासऱ्यांत आहे. ‘जावईबापूले साधा खिळा ठोकता येत नाही,’ असं त्यांनी अख्ख्या गावात सांगून ठेवलं होतं. (मी ठोकला होता! तो भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात निघाला, ही गोष्ट वेगळी.) त्या मे महिन्यात ते आपली नवीकोरी सेकंडहँड फियाट घेऊन नागपूरला यायचे होते. मी ठरवलं, फाटकापासून ओसरीपर्यंत स्वतःच्या हातानं शहाबादी फरशी टाकायची, गाडी थेट दारात घ्यायची आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘वा, जावईबापू!’ ऐकायचं.

लक्ष्मण मिस्त्रीला सल्ला विचारला. तो म्हणाला, “भाऊ, हे काळी माती हाय. पानी पेली का फुगते. दीड फूट खोदून फेका, मंग मुरूम टाकून कुटा, मंग फरशी.”

मी खोदायला लागलो. सहा इंचांवर माझ्या हाताला फोड आले आणि डोक्यात अक्कल आली. गाडी वरून जाणार, खालून थोडीच जाणार!

“मिस्त्री तं दीड फूट म्हने ना जी?” कुसुम म्हणाली.

“मिस्त्री लोक वाढवून सांगतात.”

“आन् तुम्ही काहून कमी करून राहिले?”

मी मुरूम टाकला आणि कुटायला धुम्मस उचललं. पहिलाच घाव अंगठ्यावर बसला. लंगडत लंगडत फरशी टाकली, सिमेंटनं सांधे भरले. आता त्याला पाणी द्यायचं. उन्हात कोण उभं राहणार? मी कूलरच्या टाकीतून सांडणारं पाणी नळीनं थेट फरशीवर सोडलं. आठ दिवस, अखंड! स्वतःच्या बुद्धीवर मी इतका खूश होतो की शेजाऱ्यांना बोलावून नळी दाखवली.

पाचव्या दिवशी कुसुम ओरडली, “अहो, मधल्या फरश्या वर येऊन राहिल्या!”

“काम जीव धरतंय,” मी म्हणालो.

रविवारी फियाट आली. मी दोन्ही हात हलवत मागे मागे सरकत होतो. “या मामाजी! बिनधास्त! येऊ द्या, येऊ द्या!”

गाडी आली. कर्रर्र झालं, मग फच्च झालं. पुढची दोन्ही चाकं दिसेनाशी झाली! सासरेबुवांचं दार फरशीत अडकलं, म्हणून ते धोतर सावरत मागच्या दारानं उतरले ते घोटाभर चिखलात.

“वा, जावईबापू!” ते म्हणाले.

इतके दिवस ज्यासाठी राबलो ते ऐकलं, आणि मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गल्लीतल्या दहा जणांनी गाडी ओढून काढली. लक्ष्मण मिस्त्रीनं खड्ड्यात फूटपट्टी घातली आणि समाधानानं मान हलवली. “बराबर दीड फूट! आता मुरूम टाकाले हरकत नाही.”

सासऱ्यांनी धोतर खोचलं, आठ दिवस मुक्काम ठोकला आणि सगळा रस्ता नव्यानं केला. मी घमेली वाहिली. कूलर त्यांनी बंद करवला होता.

ती फरशी अजून जागची हललेली नाही. पाहुणे विचारतात, कोणी केली? कुसुम सांगते, “फरशी आमच्या बाबांची, खोदकाम यांचं.”

मी मान डोलावतो. खोदकामही फियाटनंच केलं होतं, हे तिनं माझ्यावरच्या प्रेमापोटी आजवर कोणाला सांगितलेलं नाही!