गाडी चाललीय, हे कॉम्प्युटरला कळवताना

आमच्या जुन्या पेट्रोल जीपचा मूळचा कॉम्प्युटर जळाला, आणि तसा दुसरा कुठंच मिळेना. मग पूर्णेच्या मिस्त्रीनं बाहेरचा बसवला. त्या खोक्यावर लाल अक्षरांत ‘रेसिंग’ असं लिहिलेलं. आमची जीप चुडाव्याहून पूर्णेला भाजी आणायला जाते. पण खोक्याच्या महत्त्वाकांक्षेच्या आड आपण कशाला यायचं?

इंजिन सुरेख चालू लागलं. फक्त थांबायच्या बेतानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी रांगता रांगताच बंद पडायची. ती धावतेय की उभी आहे हे नव्या कॉम्प्युटरला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून हळू होताना त्याचा पेट्रोल-हवेचा हिशोब चुकायचा. एकदा ती रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. चालवत होते बाबा. वय चौऱ्याहत्तर, आणि उभी नोकरी रूळ तपासत चालण्यात गेलेली. मी ढकलून गाडी पार केली आणि घरी येऊन म्हणालो, “बाबा, विकून टाकू. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं.”

गावात त्यांना ‘जीपवाले’ म्हणतात. जीप गेली की ते नुसते म्हातारे.

“रविवारपर्यंत थांब,” एवढंच म्हणाले.

रविवारी मिस्त्री आला. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर त्यानं एक लोहचुंबक चिकटवला आणि शेजारी सेन्सर बसवला. चुंबक समोरून गेला की कॉम्प्युटरला एक ठोका. हे त्यानं धरणाचं उद्घाटन असावं अशा थाटात समजावलं. जोरात सगळं ठीक चाललं, पण हळू झाल्यावर गाडी पुन्हा मेली. दोन ठोक्यांच्या मधे इतका वेळ जायचा, की कॉम्प्युटरला गाडी थांबलीच वाटायची.

बाबा वाकून दांड्याकडं बघत राहिले. “एका फेऱ्याला एकच ठोका? मी असा रूळ तपासला असता तर सायबानं घरी पाठवला असता. चार लाव.”

“लावतो की मामा.”

मिस्त्रीनं चार लावले, पण कॉम्प्युटरला जोडलेल्या आपल्या लॅपटॉपवर ते भरायचं विसरला. गल्लीतून निघालो, तर माझ्या मांडीवरचा लॅपटॉप साठचा वेग दाखवत होता आणि एक म्हैस आम्हाला मागं टाकून गेली.

आता एका किलोमीटरला किती ठोके, हे मोजून भरायचं होतं. मिस्त्री म्हणाला, “रस्त्याच्या दगडावरून धरू.”

“रस्ता रुंद करताना ते दगड कुणी कुठं रोवले, मी बघितलंय,” बाबा म्हणाले.

“मामा, बंद पडायचं थांबवायला एवढा बारकावा लागत न्हाई.”

पण बाबांनी तीस मीटरची टेप काढली होती. तेहेतीस वेळा टेप आणि वर दहा मीटर. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. दर तीस मीटरला चुन्याची रेघ. निम्म्यात मी दमून सुचवलं, “अर्धाच मोजून दुप्पट करू की.”

“मग पगार बी अर्धाच घेतला असता मी.”

त्या किलोमीटरवरून जीप नेली, ठोके मोजले, आकडा भरला. मग मिस्त्रीला घरीच सोडून आम्ही दोघं त्याच फाटकाकडं निघालो. फाटक बंद होतं. बाबांनी लांबूनच पाय उचलला. जीप हळू झाली, माणसाच्या चालीवर आली, रांगू लागली. मी दरवाज्याचा खटका धरून बसलो होतो. ती थांबली. इंजिन चालूच होतं, शांत, एकसारखं. बाबांनी जरा वेळ ऐकलं आणि किल्ली फिरवून ते बंद केलं.

“बाबा, आता का बंद केलं?”

“फाटक बंद असलं की इंजिन बंद करायचं. पाटी वाच.”

मालगाडी लय लांब होती. तिचे डबे मोजण्यात ते गुंतले, तेवढ्यात मी गिऱ्हाइकाला फोन लावून सांगितलं, जीप विकायची न्हाई.