दुसरा जिना

हे रेल्वेतून निवृत्त होऊन पूर्णेहून घरी आले, माझीही शाळेतली नोकरी संपली, आणि आम्ही परभणीतल्या आमच्या घरावर दोन मजले चढवायचं ठरवलं. जिंतूरकडच्या, राणीसावरगावकडच्या मुली शिकायला शहरात येतात आणि त्यांना राहायला धड जागा मिळत नाही, हे मी नोकरीभर पाहत आले होते. वर मुलींचं वसतिगृह काढायचं. खाली माझ्या दिराचं गादीघर होतं, ते तसंच राहणार होतं.

बांधकामाला अग्निशमनचा दाखला लागतो, हे नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरने सांगितलं. नकाशात त्याने घराच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना दाखवला. त्यावर तात्पुरता दाखला मिळाला. अंतिम दाखला मात्र जागेवर जिना बघूनच मिळणार होता, आणि त्या जागेवर दिराचा कापूस रचलेला होता.

"वहिनी, एवढा माल मी कुठं नेऊ?" दीर म्हणाला. "एक जिना हाय की. त्यानंच चढायलोत सगळे."

"पुढचं पुढं बघू," हे म्हणाले. भावाचं मन मोडणं यांना कधी जमलं नाही.

मजले उभे राहिले आणि अग्निशमनचे साहेब पाहणीला आले. बोलणं अगदी हळू. जिन्याच्या तोंडाशीच कापूस पिंजायचं मशीन होतं. ते तिथेच थांबले. भिंतीवर, वायरींवर, बटनांच्या बोर्डावर कापसाची पांढरी लव बसली होती. त्यांनी बोर्डावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि रुमालाला पुसलं.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं आणि स्वतः जिन्याच्या दारात उभे राहिले.

"समजा, या जिन्यात धूर भरलाय. आता उतरा खाली."

हे उगीच हसले. दीर म्हणाला, "उडी मारू का साहेब?" कोणी हसलं नाही. साहेब दारातून हलले नाहीत. खाली मशीन घरघरत होतं आणि आम्ही तीन मोठी माणसं खोलीच्या मधोमध उभी होतो. मी खिडकीकडे पाहिलं. खाली रस्त्यावरची माणसं फार लहान दिसत होती.

"आगीआधी धूर येतो, मॅडम," ते मला म्हणाले. "माणसं मग वर पळतात. आम्हाला ती वरच्या मजल्यावर सापडतात." त्यांनी सही केली नाही.

त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं. दीर आमच्याकडे चहाला येईनासा झाला. मला दिवसाढवळ्या जळका वास यायला लागला. मी कामं टाकून खाली जायची, मशीनभोवती फिरायची. काही नसायचं.

"मशीन तापतंय वहिनी, वास येणारच," दीर तोंड फिरवून म्हणायचा.

हे म्हणाले, "तुझ्या डोक्यात बसलंय ते." मलाही तसंच वाटायला लागलं, आणि मी खाली जाणं सोडलं.

एका दुपारी राणीसावरगावहून एक शेतकरी मुलीला घेऊन खोली बघायला आला. बाप यांच्यासोबत समोरच्या टपरीवर चहाला थांबला. मुलीला घेऊन मी वर गेले. ती कॉट कुठे टाकायची, टेबल कुठे, असं हाताने दाखवत होती. बोलता बोलता मला जाणवलं की खालचं मशीन बंद पडलंय. मग दीर ओरडला. शब्द कळले नाहीत, पण तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

जिन्याच्या दारातून पिवळट धूर छताला चिकटून आत सरकत होता. मी मुलीचा हात धरून दोन पायऱ्या उतरले. डोळे उघडेनात, श्वास घेता येईना. तशीच मागे फिरले. मुलगी म्हणाली, "मॅडम, कुठनं जायचं?" मी तिला मागच्या खिडकीकडे ओढलं.

मागच्या भिंतीचा गिलावा चालू होता म्हणून परांची अजून बांधलेली होती. बांबूंवर उभा असलेला गवंडी खिडकीत आला आणि त्याने हात पुढे केला. मुलगी ओढणी कमरेला बांधून आधी उतरली. खालून तिचा बाप ओरडत होता, "खाली बघू नको बाई, बांबू धर, बांबू धर!" नंतर मी. साडी पायात येत होती. गवंड्याने माझं पाऊल धरून एकेका बांबूवर ठेवलं. जमिनीला पाय लागले तेव्हा वरच्या खिडकीतून धूर बाहेर पडायला लागला होता.

बंब आला, आग विझली. गठ्ठे बाहेर ओढताना दिराचे दोन्ही तळहात भाजले. दवाखान्यात तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "वहिनी, पोरगी उतरली ना?"

तो बरा झाला आणि त्यानेच कापूस गावाबाहेर हलवला. मागे लोखंडी जिना झाला. साहेब आले, जिना चढले, उतरले, आणि अंतिम दाखला मिळाला.

ती मुलगी मात्र आली नाही. "तुमास्नी नावं न्हाई ठेवत, मॅडम," तिचा बाप म्हणाला होता, "पण हितं ठेवलं तर मला रातीला झोप यायची न्हाई." त्याने तिला शहरातच दुसरीकडे ठेवलं.

परवा तिचा फोन आला. "मॅडम, इथंबी दुसरा जिना हाय. म्या आल्या आल्या बघितलं. पण खालच्या दाराला कुलूप हाय, अन् चावी मालकाकडं."

मी रिक्षा करून तिथे गेले. मालकाने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"चोऱ्या लय होतात, मॅडम. पोरींचीच काळजी म्हणून कुलूप हाय," तो म्हणाला आणि भिंतीकडे बोट केलं. "अन् आपल्याकडं दाखला हाय की."

भिंतीवर, काचेच्या चौकटीत, खरंच दाखला होता.

मी पुष्कळ बोलले. तो मान डोलवत राहिला. बाहेर येऊन वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती उभी होती. खिडकीला गज होते. तिने गजांतून हात काढून हलवला.