बंब केवढा घ्यावा?

परवा तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं, "आई, नव्या घराला किती लिटरचा बॉयलर घेऊ?" मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि तशीच बसून राहिले. हा हिशेब मी एकदा फार नीट केला होता, आणि तो नेमका कुठे चुकला हे मला आजही पुरतं कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही हिंगोलीजवळच्या गोरेगावला राहत होतो. तुमच्या पणजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, खोकला त्या थंडीत हटेना. डॉक्टरांनी बजावलं, गार पाण्याची अंघोळ बंद, नाहीतर छाती भरेल. पण सासूबाई सोवळ्याच्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायच्या, आणि पारोशा, म्हणजे अंघोळ न केलेल्या, माणसाने भरलेलं किंवा रात्रीचं शिळं पाणी त्यांना चालायचं नाही. चुलीवरचं कढत पातेलं उचलणं त्यांना आता झेपत नव्हतं. म्हणून मुकाट गार पाणी घ्यायच्या.

"मी तुमच्या आधी अंघोळ करून पाणी काढून देत जाईन," मी म्हटलं.

"तू उठेपर्यंत माझे देव जेवून झोपतील," त्या म्हणाल्या.

म्हणून बंब घ्यायचं ठरलं. तांब्याचं उभं पिंप, मधल्या नळीत जाळ, वरच्या तोंडातून गार पाणी ओतायचं, तोटीतून गरम घ्यायचं. मी कागदावर रकाने आखले. घरची सहा माणसं, प्रत्येकी दोन बादल्या, बाळंतपणाला येणारी तुमची आत्या, वर दिवाळीचे पाहुणे. हिंगोलीच्या दुकानदाराने तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"बाई, घर हाय का वऱ्हाड उतरून राहिलंय तुमच्याकडं?"

तुमचे आजोबा हसले. मला राग आला. मी दुकानातला सगळ्यात मोठा बंब घेतला. जीपच्या टपावर बांधून तो गावात आला तेव्हा लोक दारात येऊन बघत होते.

आम्ही सगळ्यांनी मनसोक्त अंघोळी केल्या. सासूबाईंचा खोकला मात्र वाढत गेला. मला काही उमगेना. जळणाच्या तुराट्या ओल्या आहेत का? तोटी चोंदली का? मी कागद पुन्हा काढून तपासला. बेरीज बरोबर होती.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग उठले. न्हाणीघरात सासूबाई टाचा उंचावून उभ्या होत्या. हातात तांब्या. बंबाचं तोंड त्यांच्या हातापासून चार बोटं वर राहत होतं. पाणी कोपरावरून ओघळत होतं आणि शेजारी गार पाण्याची बादली भरलेली होती.

"आई, सांगितलं का नाही?"

"तू एवढं कागदावर मांडून आणलंस. म्हटलं, ते बराबर असेल. माझंच काही चुकत असेल."

लिटर मोजले, माणसं मोजली, आणि ज्या बाईसाठी बंब घ्यायचा तिची उंची मोजायची मला आठवण झाली नाही.

आम्ही बंब परत घेऊन गेलो. या वेळी सासूबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर होत्या. दुकानात त्यांनी एकेका बंबाच्या तोंडावर तांब्या धरावा तसा हात धरून पाहिला. एका बुटक्या बंबापाशी थांबल्या.

"हा."

"आजी, याच्यात पाणी किती मावतं ते तर इचारा!" दुकानदार म्हणाला.

"मावेल तेवढं मावेल. माझा हात पुरतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघराच्या दाराखालून वाफ येत होती. आत तांब्याचा आवाज बराच वेळ चालला होता. खोकला हळूहळू बसला.

गंमत अशी, की त्या बुटक्या बंबाने आमच्या सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. आत्याचं बाळंतपणही त्यावरच निघालं. एक बादली ओता, एक काढा. माझ्या कागदाप्रमाणे ते शक्यच नव्हतं.

तुमच्या बाबांना मी उलट विचारलं, "भरणार कोण?" ते हसले. म्हणाले, तो आपोआप भरतो. मग तो कशावरून मापायचा, हे मला खरंच सांगता येत नाही.