बेबाअक्काची गोड गोड प्रार्थना

माझी मोठी जाऊ बेबाबाई, म्हणजे आमची अक्का, ही पारोळ्यातली सगळ्यात श्रद्धाळू बाई. हे मी म्हणत नाही, ती स्वतःच म्हणते. कुणाच्या घरी दुःख झालं की अक्का सगळ्यांच्या आधी हजर. रडणाऱ्याला धड रडूही देत नाही, हिचं सुरू, "देव करस ते भल्यासाठीच करस." गल्लीतल्या वनाआबांची म्हैस मेली तेव्हाही हेच. आबा म्हणाले, "मंग तुनी म्हैस दे ना देवले!" त्यानंतर महिनाभर अक्का त्यांच्या ओट्याकडे फिरकली नाही.

देवाशी बोलतानाही तोंडात साखर. "माय, तू दयाळू, तू कनवाळू, माले काही नको." काही नको म्हणता म्हणता आरती संपेपर्यंत अर्धा संसार मागून व्हायचा. मी म्हणायचे, अगं अक्का, सरळ माग ना! तर म्हणे, "लता, देवीसमोर तोंड सांभाळून बोलावं."

मागच्या श्रावणात तिची सून दिपमाला पोटुशी होती. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी घरी बसवतात, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. अक्काने सगळ्यांचे मोजले आणि पोटातल्याच्या नावाने आणखी सव्वा मूठ टाकली. भाऊबंदकीतले शालिग्रामनाना म्हणाले, "जन्माआधी मोजतात का कुठे?" अक्का म्हणाली, "नातूच शे." डॉक्टरलाही सांगायला बंदी आहे, पण आमच्या अक्काला कोण अडवणार?

दिवाळीच्या तोंडावर जळगावच्या दवाखान्यात दिपमालाचं बाळ पोटातच गेलं. भाऊबंदकीला लगेच कारण सापडलं. म्हणे, मूठ मोजली म्हणून झालं! डॉक्टरला इतकं शिकूनही जे कळलं नाही ते आमच्या लोकांना ओट्यावर बसल्या बसल्या कळलं. आणि अक्का? तीच साखर. "नातू गया. कानबाईनी मर्जी." डोळ्यांत टिपूस नाही. मला तर तिचं तोंड बघवत नव्हतं, इतका राग आला होता.

दिपमाला मुकी झाली. स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, देवघराकडे मात्र पाठ. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रावेरला माहेरी गेली ती आलीच नाही. या श्रावणात नवल, म्हणजे अक्काचा मुलगा, तिला घेऊन आला तेव्हा ती उंबऱ्यातच म्हणाली, "कानबाईपुरती आलेय. सोमवारी जाईन, मग बोलवायला येऊ नका." नवल बापडा पिशवी हातात घेऊन उभाच राहिला.

रविवारी कानबाई बसली. देवी म्हणून मांडलेल्या नारळाला नथ, डोळे, हळदकुंकू, सगळा थाट. आरती झाली आणि अक्काने हात जोडले. "माय, तू दयाळू, तू..." इथे गाडी अडली. मग एकदम कडाडली, "कसानी दयाळू! वरीसभर गोड बोलनं, बठ्ठं खोटं! माले राग शे तुना. मना नातू काबर लई गयी?"

नाना म्हणाले, "बेबा! देवीसमोर काय बोलस तू!"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून दिपमालाचा आवाज आला. "नातू नव्हता. मुलगी होती."

आमच्या भाऊबंदकीला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. त्या वेळी मात्र सगळे नारळाची नथ न्याहाळायला लागले. नर्सने अक्काच्याच हातात ते बाळ दिलं होतं. पण गावभर अक्काने सांगितलं नातू गेला. बरोबरच आहे, नातू म्हटलं की रडायला माणसं जास्त येतात! वर्षभर आम्ही सगळे एका न झालेल्या मुलासाठी हळहळलो, आणि जी झाली होती तिचं नावही कुणी काढलं नाही.

अक्काने सुनेकडे पाहिलं. मग तिने जमिनीवर डोकं टेकलं. "मनी नात, माय. मनी नात लई गयी तू. काबर लई गयी, माले काही समजस नही. पन तुनाशिवाय कोनले सांगू? या पोरीले तरी सांभाळ." आणि अक्का धाय मोकलून रडली. आयुष्यात पहिल्यांदा ती देवीशी खरं बोलली असेल. माझाही राग तिथेच विरघळला, काय करणार.

दिपमाला येऊन तिच्या शेजारी बसली. सासूच्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, एवढंही गोड समजू नका. नुसती बसली आणि हुंदके देऊन रडली. नाना प्रसाद वाटायला लागले, त्यांना दुसरं काय सुचणार!

सोमवारी वाजतगाजत नदीवर गेलो. बायका फुगड्या घालून दमल्या. रावेरची बस सकाळीच निघून गेली होती, पण तिचा विषय कुणी काढला नाही. कानबाईला पाण्यात शिरवताना सगळ्या ओरडल्या, पुढल्या साली लवकर ये माय! दिपमाला गुडघाभर पाण्यात उभी राहिली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या रंगवलेल्या डोळ्यांत बघत म्हणाली, "ये. मी इथेच आहे. माझं भांडण अजून बाकी आहे."